शेपूट कापलेल्या स्की

तुयुक, ३ मार्च, रविवार दुपार

प्रिय सालकिन जेंगे,

तू आणि एर्मेक आके बरे असाल, मॉस्कोतली थंडी आता उतरणीला लागली असेल असं धरून चालते. आमच्याकडे सगळे ठीक, आईवडीलही, आपले आपा नि अता. अताचा खोकला कमी आहे. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी कोळसा छातीतून जायचं नाव घेत नाही, असं तोच हसत हसत सांगतो. आपाचे गुडघे दुखतात, पण ते दुखले नाहीत तर तिला चुकल्यासारखं होईल. तांबडी गाय व्याली. वासरू काळं आहे आणि मागच्या एकाच पायात पांढरा मोजा. बर्फ कुंपणाच्या वरच्या फळीला टेकलाय.

तुला कागदावर लिहिते आहे याचं नवल वाटेल. फोन केला की तू दोन शब्द बोलतेस आणि "थांब, आकेला देते" म्हणतेस. मग माझा भाऊ हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि तू त्याच्या मागे भांडी घासताना ऐकू येतेस. कागद असा दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. गावातली थोरली बुर्माखान एजे बुधवारी लेकीच्या बाळंतपणाला तिकडे येते आहे. तिच्याकडे हे पत्र, कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी आणि एक पुडकं देते. पुडकं पत्र वाचून झाल्यावरच उघड.

मी कामाबद्दल लिहायला बसले आहे, तेव्हा आधी काम सांगते.

पदवी घेऊन मी परत आले, हे आकेनं सांगितलं असेलच. आपानं ते प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवरच्या गालिच्याशेजारी टांगलंय. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "आमची बेर्मेट बर्फाचं शिकली." परवा दुकानात कुणीतरी म्हणालं, "बर्फ शिकायला पाच वर्षं? आम्हाला विचारलं असतं तर फुकट दाखवला असता." मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. कुठला उतार कधी सुटून खाली येईल हे वही काढून सांगणारी पोर त्यांना नवीनच आहे.

हिवाळ्यात हल्ली बरेच परदेशी पाहुणे येतात. त्यांना डोंगरावर न्यायचं काम पुरुष करतात, स्वयंपाक आणि अंथरुणं बायका. मी म्हटलं, असं का? तू आम्हाला शिकवलंस ते काय अंथरुणं घालायला? म्हणून आम्ही सातजणी एकत्र आलो. माझ्याखेरीज सगळ्या तुझ्या वेळच्या, तू गवताच्या उतारावर उभं करून रडवलेल्या. बुर्माखान एजे आहे, झाइना आहे, जी अजून वळताना डोळे मिटते. अडचण एकच होती. आमच्या पायांत जे होतं ते सगळं कुणा ना कुणा पुरुषाचं टाकलेलं. लांब, जड, टाचेखाली घोंगडीची घडी घालून चालवून घेतलेलं.

ती घडी तूच शिकवलीस. आठवतं का तुला? मी अकरा वर्षांची, तू नुकती लग्न होऊन आलेली माझी वहिनी. गावातली नवी सून डोक्यावर पांढरा रुमाल बांधून, खांद्यावर लाल स्की टाकून डोंगराकडे निघाली होती. रजया, किटली, गालिचा या सगळ्या आहेराबरोबर तू वडिलांनी दिलेली ती जोडी आणलीस, तेव्हा, स्कीवरून फक्त टपाल येतं एवढंच माहीत असलेल्या बायका म्हणाल्या होत्या, "ही सून आणली की टपालवाली?" तू मला तुझे जुने बूट दिलेस, पुढे वर्तमानपत्र कोंबलंस, टाचेखाली घोंगडीचा तुकडा घातलास आणि म्हणालीस, "या वस्तू कुणा उंच बाप्याच्या पाठीच्या हिशेबानं केल्यात. आपण बायका कंबरेपासून जड. टाच उचलली की आपोआप पुढे येशील." आणि मग ताज्या, पिठासारख्या बर्फात गेल्यावर नेमकं उलटं ओरडायचीस, "बस, बस मागे, टोकं वर येऊ देत."

त्या वर्षी वरच्या कुरणातलं गवत आणायला अताबरोबर आपण दोघी गेलो होतो. उन्हाळ्यात रचलेली गंजी बर्फातून घसरगाडीवर खाली आणायची. अता पुढे, तू मागे ब्रेक धरून, मी गवतावर बसलेली. उतार संपला तेव्हा आपल्या तिघांच्या भुवयांवर गवत होतं. तू म्हणालीस, "आता उतरलो त्यातला निम्मा उतार तुझ्या आपानं शिव्या देत उतरवला, खालून." घरी आपा खरंच दारात उभी होती. तिनं तुझ्या हातात गरम चहाची वाटी दिली. ती तुम्हा दोघींची सगळ्यात चांगली दुपार असावी, असं मला आज वाटतं.

तर, काम. काराकोलमध्ये स्की भाड्यानं देणारा एक जण आहे. त्यानं आम्हाला दहा दिवसांकरता बायकांसाठी बनवलेल्या स्कीच्या पाच जोड्या वापरून बघायला दिल्यात. त्यातली एक जात ठरवायची, तिच्या आठ जोड्या तो मागवेल आणि पाहुण्यांच्या कामातून पैसे फेडून आम्ही त्या आपल्याशा करून घेऊ. गुरुवारी तो या पाच परत न्यायला येईल, शुक्रवारी मागणी जाईल. हो, जेंगे, बायकांसाठी खरंच वेगळ्या करतात. हलक्या असतात, वाकायला मऊ, आणि बुटाची पकड जरा पुढे बसवलेली. मी ते वाचलं आणि तुझ्या घोंगडीच्या घडीची आठवण येऊन एकटीच बसून राहिले.

तपासायची पद्धत मी ठरवली. प्रत्येकीनं प्रत्येक जोडी एकाच वाटेनं उतरवायची. वरती देवदारांमधला भुसभुशीत बर्फ, मग वाऱ्यानं थापटलेलं मोकळं मैदान, दुपारी जिथं वरचा थर कडक होतो ती उन्हाची बाजू, शेवटी घोड्यांनी तुडवलेला खडबडीत पट्टा आणि कोळशाच्या जुन्या रस्त्यावरचा बर्फाचा आरसा. खाली मी वही घेऊन. पहिल्या तासातच कळलं की सगळ्यांना जांभळ्या फुलांची जोडी आवडली आहे, आणि झाइनानं तर ती अजून पायात घातलीही नव्हती. मग मी पाचही जोड्यांना वरून पोत्याचं कापड शिवलं. झाइना म्हणाली, "नवरी निवडायची आणि तोंड झाकून?" बुर्माखान एजे म्हणाली, "माझं तसंच झालं. तोंडं झाकूनच संसार केला, बरा झाला."

कापडामुळे ओळख पटेना म्हणून बायकांनी नावं ठेवली. सगळ्यात रुंद ती म्हैस. पिठात तरंगते, पण आरशावर आली की चारी पाय चार दिशांना. सगळ्यात अरुंद ती शिक्षिका. रस्त्यावर रेघ मारावी तशी जाते आणि पिठात बुडते. एक अगदी मऊ, ती लाडकी लेक. कुठंही वळते, कडक थर लागला की रडायला लागते. एक ताठ, जड, जराशी चूक केली की पोटरीला फटका मारते, तिचं नाव सासू. हे नाव आपाच्या समोर ठेवलं गेलं. ती आमच्यासाठी चहाचा थर्मास घेऊन आली होती. म्हणाली, "सासू आहे म्हणूनच उभ्या आहात." पाचव्या जोडीला नाव सुचलं नाही. मध्यम रुंद, शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाला, किंचित उचललेली.

पहिल्या दिवशी सातांपैकी सहाजणींनी सासू निवडली. फक्त मी नाही निवडली. मला ती लाकडाच्या दारासारखी वाटली. रात्रभर विचार केला की यांना हीच का आवडते. सकाळी मी वही बाजूला ठेवून नुसती बघत राहिले, आणि दिसलं. सगळ्या मागे बसल्या होत्या. गुडघे वाकवून, हात पुढे, पार्श्वभाग मागे, अगदी तू ओरडायचीस तशा. त्या जुन्या लांब, अरुंद स्कींवर तसं बसल्याशिवाय टोकं वर यायचीच नाहीत. पण या नव्या रुंद जोड्या आपणहून वर राहतात, त्यांच्यावर मधोमध उभं राहावं लागतं. मागे बसणारीला फक्त सासूच सावरून धरत होती, तिचं शेपूट ताठ म्हणून. आम्ही स्की तपासत नव्हतो, जेंगे. आम्ही तुझी शिकवण तपासत होतो.

मी त्यांना समजावलं. झाइना म्हणाली, "सालकिननं सांगितलं ते चूक होतं म्हणतेस?" मी म्हटलं, तेव्हा बरोबर होतं. मग बुर्माखान एजेनं मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "तुलाही तिनंच शिकवलं. तू कशी मागे बसत नाहीस?"

मी विषय बदलला.

इथं थांबते. चहा ठेवला आहे.

मंगळवार, सकाळी

दोन दिवस पत्र बंद केलं नाही आणि लिहिलंही नाही. उद्या बुर्माखान एजे निघणार, म्हणून बसले आहे. घरात कुणी नाही. अता घोड्याला नाल मारायला गेलाय, आपा शेजारी.

बुर्माखान एजेच्या प्रश्नाचं उत्तर आधी तुला द्यायचं आहे.

तू आकेपाठोपाठ मॉस्कोला गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते. लाल जोडी मला सांभाळायला दिलीस. म्हणालीस, "वापर, पण जपून. पहिल्या बर्फाला मी आलेच." पहिला बर्फ ऑक्टोबरात पडला. मी रोज संध्याकाळी वळणापर्यंत जायचे. नोव्हेंबरात तुझा फोन आला की कारखान्यातून रजा नाही, या हिवाळ्यात जमणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवला आणि गोठ्यामागे गेले.

तुझ्या स्कीची शेपटं मी कापली. अताच्या करवतीनं, खाणीतले टेकू कापायची ती. प्रत्येकीचं एक वीतभर. कापलेल्या जागी डांबर लावलं.

आपानं नाही, जेंगे. मी.

मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आले की त्या मला लांब होत्या, शाळेच्या शर्यतीत उतरायचं होतं, गावात सगळेच पोरांसाठी स्की कापतात. हे सगळं खरं आहे. पण शर्यत फेब्रुवारीत होती आणि मी कापल्या त्या तुझ्या फोनच्या दिवशी. मला राग आला होता. तू येणार नसशील तर त्या तुझ्या उंचीच्या कशाला राहायला हव्यात, असं मनात आलं होतं. चौदा वर्षांच्या डोक्यात हे असं शब्दांत आलं नसेल, पण हाताला माहीत होतं.

शेपूट नसलेल्या स्कीवर मागे बसता येत नाही. बसलं की सरळ पाठीवर. त्या हिवाळ्यात मी किती पडले असेन ते मोजता येणार नाही. हळूहळू मधोमध उभी राहायला शिकले, कारण मागे काही उरलंच नव्हतं. पाहुणे आता म्हणतात, हिची उभं राहण्याची पद्धत किती छान, कुठं शिकलीस? मी म्हणते, माझ्या जेंगेनं शिकवलं. ते खोटं नाही आणि खरंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तू आलीस. तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू गोठ्यातून स्की घेऊन अंगणात आलीस. आपा पाहुण्यांसाठी तळायच्या बोर्सोकचं पीठ मळत होती. मी पाण्याच्या दोन बादल्या घेऊन दारात. तू दोन्ही स्की जमिनीवर उभ्या केल्यास, कापलेल्या टोकांवर, आणि एवढंच विचारलंस, "कुणी?" मी तोंड उघडलं. माझ्याआधी आपा मान वर न करता म्हणाली, "मी कापायला लावल्या. कुंपणाला फळी हवी होती."

तू हात धुतलेस. बसून तिला बोर्सोक लाटू लागलीस. दोन दिवस राहिलीस, सगळ्यांना नमस्कार केलास आणि गेलीस. त्यानंतर आठ वर्षं झाली, तू आली नाहीस. घरातली सून जिवंत असताना तिच्या माहेरच्या वस्तूवर करवत चालवायची म्हणजे तुला इथं जागा उरली नाही असं तिला सांगणं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आपाला कळत होतं. तरी तिनं ते आपल्या अंगावर घेतलं.

मी तिला कधी विचारलं नाही. गेल्या आठवड्यापर्यंत. स्कीवर घालायला पोत्याचं कापड शोधत मी तिची रजयांची पेटी उघडली. तळाशी, माझ्या लहानपणीच्या टोपीत गुंडाळलेले ते दोन तुकडे होते. लाल, वीतभर, एका बाजूला तुझ्या वडिलांनी खिळ्यानं कोरलेली खूण. मला वाटत होतं ते मी त्याच दिवशी चुलीत टाकले. टाकले होते खरे, पण राखेचा ढीग तिनं उपसला असणार, कारण एकाची कड जळलेली आहे.

मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेले. आपा बटाटे सोलत होती.

"हे का ठेवलेस?"

"मग काय टाकायचे? तिच्या बापाच्या हातचे आहेत."

"तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

तिनं पुढचा बटाटा उचलला. मग म्हणाली, "सालकिनचा तुझ्यावर जीव होता. तुझ्यावरचा तिचा राग घरात कुठं ठेवला असता मी? माझ्यावर तर आधीच होता. त्यात थोडा आणखी मावला."

"आठ वर्षं, आपा."

"तू शिकायला जाणार होतीस. मला वाटलं, शिकून आलीस की स्वतः सांगशील. मी वाट बघत होते." आणि मग, "सोललेले तिकडे पाण्यात टाक, काळे पडतील."

काचेतलं ते प्रमाणपत्र आता मला बघवत नाही.

बाकी निवडीचं सांगते, नाहीतर पत्र अर्धवट राहील. सगळ्यांना मधोमध उभं राहायला शिकवायला चार दिवस लागले. झाइना दोनदा रागावून घरी गेली, दोनदा परत आली. कालच्या फेरीत सातहीजणींनी नाव नसलेली पाचवी जोडी निवडली. पिठात ती वर राहते, थापटलेल्या बर्फावर हलत नाही, कडक थर कापून जाते, रस्त्यावर म्हशीसारखं करत नाही. चुकलात तर सांगते, पण मारत नाही. कापड काढलं तर साधी करडी निघाली, एकही फूल नाही. झाइना म्हणाली, "बघा, तोंड झाकल्याचा फायदा."

मग मापं लिहायला बसलो. सातजणी आणि आठ जोड्या. आठवी कुणाची, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलायच्या आत आपा चहा ओतता ओतता म्हणाली, "ती माझ्या कानापर्यंत येते. लग्नाचा रुमाल बांधताना मी बघितलंय." मग आपालाच भिंतीशी उभं करून कानाशी खूण केली, फीत लावली. एकशे सहासष्ट सेंटिमीटर. त्या उंचीला एकशे अडुसष्टची जोडी बरोबर बसते.

मी वहीत तुझं नाव लिहिलंय. ये म्हणायचा हक्क मला नाही, हे मला ठाऊक आहे. तिथं तुझं काम आहे, आकेचं घर आहे. पण आम्हाला पुढे उभी राहणारी बाई हवी आहे, आणि आम्ही सगळ्या तुझंच अर्धं शिकून बसलो आहोत. एक हिवाळा ये. नाही जमलं तर पंधरा दिवस ये. तेही नाही जमलं तर जोडी भिंतीला उभी राहील. तिला कुणी हात लावणार नाही, याची जबाबदारी माझी.

पकड बसवायला बुटाच्या तळव्याची लांबी लागते, मिलिमीटरमध्ये. शुक्रवारी दुपारपर्यंत फोनवर फक्त तो आकडा पाठव. दुसरं काही लिहू नकोस. आकडा नाही आला तर मी समजेन, आणि तरीही एकशे अडुसष्टच मागवेन.

आता पुडकं उघड. त्यात एक तुकडा आहे, जळलेल्या कडेचा. दुसरा आपानं दिला नाही. म्हणाली, "दोन्ही पाठवले तर ती म्हणेल हिशेब मिटला. एक इथं राहू दे."

आताच आपा आत आली. मी काय लिहिते आहे ते तिनं विचारलं नाही. मी विचारलं, तुझं काही सांगू का? म्हणाली, "तांबडी व्याली म्हणून लिही." ते मी आधीच लिहिलं आहे, पण ती सांगते म्हणून पुन्हा लिहिते.

तांबडी व्याली.

तुझी नणंद, जिला अजून मागे रेलता येत नाही,
बेर्मेट